शून्य पोस्टींचा आठवडा

एखाद्या दुकानाने सोशल मीडियावर आठवड्याला किती पोस्टी टाकाव्यात याचं एक नेमकं उत्तर असलंच पाहिजे, आणि ते मोजून काढता आलं पाहिजे, असं मी एका दुपारी जेवताना म्हणाले. नवरा म्हणाला, "हं." त्या 'हं'ला मी संमती धरली. तो मीठ मागत होता हे मला नंतर कळलं; पण तोवर मी वहीत रकाने आखले होते, आणि रकाने आखल्यावर मी माघार घेत नाही.

आमचं दुकान वजनकाटे दुरुस्त करण्याचं. रस्त्यापासून तीन पायऱ्या वर, शेजारी औषधांचं दुकान, डोक्यावर ब्यूटी पार्लर. नवरा आत बसून काटे उघडतो, पुसतो, जुळवतो आणि प्रमाणित वजनं ठेवून पडताळतो. मी बावीस वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मुलांना मोजमाप शिकवलं; आता निवृत्त होऊन दुकानाचे कागद सांभाळते. थोडक्यात, घरात दोन माणसं आणि दोघंही ग्रॅममध्ये विचार करणारी. आमची भांडणंसुद्धा दशांश चिन्हाच्या पुढे जातात.

अडचण अशी होती, की काटा बिघडला तर तो दुरुस्त करायचा असतो हेच लोक विसरत चालले होते. आठवड्याला साधारण नऊ माणसं दुकानात येत. त्यांतली दोन पार्लरचा जिना कुठे ते विचारायला. माझ्या नणंदेचे यजमान, ज्यांना आम्ही भावोजी म्हणतो, त्यांचं टायरचं मोठं गोदाम आहे. तिथली देखरेखीची जागा रिकामी झाली होती.

"सोपं काम आहे," भावोजी म्हणाले. "टायर गोल असतं. आत आलं की लिहायचं, बाहेर गेलं की लिहायचं. डोक्याला ताप नाही."

नवऱ्याने तिमाही संपेपर्यंत मुदत मागितली. तोवर गिऱ्हाईक वाढलं नाही, तर दुकान बंद आणि टायर सुरू. हे मला सांगताना तो एका काट्याच्या ताटलीवरचा डाग पुसत होता, आणि ताटलीवर डाग नव्हता. मी तेव्हाच ठरवलं की हा माणूस टायर मोजायला जाणार नाही. तिमाही संपायला सहा आठवडे उरले होते.

दुसऱ्या गावी असणाऱ्या लेकीने फोनवरून सूचना देत आमच्या दुकानाचं पान उघडून दिलं. "आता नियमित पोस्ट टाकत राहा," ती म्हणाली.

"नियमित म्हणजे किती?"

"आई, नियमित म्हणजे नियमित."

"हे एकक नाही," मी म्हणाले. तिने फोन ठेवला.

मग मी चौकशी केली. या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाकडे होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. पार्लरवाली म्हणाली, "ताई, दिवसाला पाच तरी. मी तर अकरा टाकते. लोकांच्या डोळ्यांसमोरून हलायचंच नाही." औषधवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवून सांगितलं, "आठवड्यातून एक. जास्त झालं की सवय लागते आणि मग गुण येत नाही." पलीकडचे किराणावाले म्हणाले, "मॅडम, पोस्टबिस्ट सोडा, दारावर मोठा दिवा लावा." भावोजींचं मत होतं की रोज सकाळी एक सुविचार आणि एक उगवता सूर्य. त्यांच्या गोदामाच्या पानावर तीन वर्षांचे सूर्य आहेत. त्यामुळे एक तरी टायर विकलं गेलं का, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, "वहिनी, सगळं असं मोजायचं नसतं."

हे वाक्य माझ्यासमोर बोलायला नको होतं.

मी प्रयोग आखला. सहा आठवडे, प्रत्येक आठवड्यात वेगळी संख्या: शून्य, एक, तीन, सात, चौदा आणि एकवीस. क्रम आपल्या मनाने लावला तर निष्कर्ष वाकडा होतो, म्हणून सहा चिठ्ठ्या केल्या आणि नवऱ्याला डोळे मिटून उचलायला लावल्या. त्याने पहिली उचलली ती चौदा. मग एक, सात, तीन, एकवीस आणि शेवटी शून्य. शून्याच्या आठवड्यावर लेकीने आक्षेप घेतला. "काहीच टाकायचं नाही, तर तो प्रयोग कसला?" तिला मी शांतपणे समजावलं, की काहीच न करता काय होतं हे माहीत नसेल तर काही केल्याने काय झालं हे कधीच कळत नाही. ती वाणिज्य शाखेची आहे. दोष तिचा नाही.

दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाची नोंद करायची, आणि "आपण कशामुळे आलात?" असं विचारायचं, हे काम नवऱ्याकडे होतं. तो मुळात अबोल. गिऱ्हाइकाशीही तो काट्याकडे बघून बोलतो. पहिल्याच दिवशी त्याने एका बाईंना हा प्रश्न इतक्या गंभीर आवाजात विचारला की त्या घाबरून म्हणाल्या, "मी काही केलं नाही." दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ म्हणाले, "पायऱ्या चढून आलो." वहीत तेही आहे.

चौदा पोस्टींचा आठवडा सुरू झाला आणि माझ्या लक्षात आलं, की वजनकाट्याबद्दल जगाला चौदा वेळा काय सांगायचं याचा विचार मी केलेला नाही. सोमवारी काट्याचा पुढून फोटो टाकला. मंगळवारी मागून. बुधवारी वरून. गुरुवारी नवऱ्याचा फोटो काढायला गेले तर तो टेबलाखाली स्क्रू शोधायला वाकला आणि मी जाईपर्यंत वर आला नाही. शेवटी त्याच्या हाताचा फोटो टाकला, दोन बोटांत वजन धरलेलं. त्या हाताला सतरा लोकांची पसंती आली. त्यानंतर तीन दिवस तो बोटांना जपून वागत होता.

शनिवारी एक गडबड झाली. "काटा पंख्याखाली ठेवू नये, वाऱ्याने दोन ग्रॅमचा फरक पडतो," असं मी लिहिलं होतं. पुन्हा मोजल्यावर फरक तीन ग्रॅमचा भरला. मी लगेच शुद्धिपत्र टाकलं. मग प्रश्न उभा राहिला: शुद्धिपत्र ही पोस्ट धरायची की नाही? नवऱ्याचं म्हणणं, ती जुन्या पोस्टीची शेपटी. माझं म्हणणं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वस्तू दोन आल्या तर मोजायच्याही दोनच. आमची यावर सव्वा तास चर्चा झाली. शेवटी नियम वहीत लिहिला आणि खाली दोघांनी सह्या केल्या: शुद्धिपत्र हीसुद्धा पोस्टच. त्यामुळे रविवारची ठरलेली एक पोस्ट रद्द करावी लागली. ती काट्याच्या डाव्या बाजूची होती, फार नुकसान झालं नाही.

त्या आठवड्यात माणसं आली नऊ. एका पोस्टीच्या आठवड्यात दहा. सातच्या आठवड्यात आठ. तीनच्या आठवड्यात पुन्हा नऊ. आलेख काढला तर तो मेजावर ठेवलेल्या पट्टीसारखा आडवा आला. औषधवाले रोज येऊन विचारत, "गुण कसा आहे?" भावोजींनी फोन करून सांगितलं, की गोदामातली खुर्ची त्यांनी नवीन गादी घालून ठेवली आहे. नवरा "हं" म्हणाला. या वेळी तो मीठ मागत नव्हता, एवढं मला कळलं. तो जुन्या काट्यांवरच्या चिठ्ठ्या सोडवून, कुठला काटा कोणाला परत करायचा याची यादी करू लागला होता.

मग आला एकवीसचा आठवडा. दिवसाला तीन. आता माझ्याकडे फोटो घ्यायला काट्याची बाजू उरली नव्हती, म्हणून मी ज्ञानाकडे वळले. काटा सपाट जागी आहे हे कसं ओळखावं, ताटलीखाली काय अडकतं, आकडा स्थिर होईपर्यंत का थांबावं. प्रतिसाद बेताचाच. शुक्रवारी 'उजवीकडे' लिहायच्या जागी 'डावीकडे' झालं, ते सुधारलं.

रविवारसाठी मी सर्वांत चांगला विषय राखून ठेवला होता. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं. तेव्हा घरून एक लिटर पाणी भरलेली बाटली न्या, दुकानदाराच्या काट्यावर ठेवा, आणि काटा बरोबर आहे का ते स्वतः तपासा! पहिली पोस्ट ही. दुसरी, बाटलीचा फोटो. आणि तिसरी अशी, की बाटलीलाही स्वतःचं वजन असतं, ते आधी रिकामी बाटली तोलून वजा करावं. मांडणी शुद्ध होती: आधी तत्त्व, मग आकृती, मग दुरुस्ती. आयुष्यभर मी असंच शिकवलं.

पहिल्या दोन पोस्टी टाकल्या. तिसरी टाकण्याआधी, नेहमीप्रमाणे, वहीत मोजलं. एकवीस झाल्या होत्या.

शुक्रवारचं शुद्धिपत्र मी विसरले होते.

तिसरी टाकली तर बावीस होणार होत्या. मी फोन हातात धरून बसले. नियमाखाली दोन सह्या होत्या, त्यांतली एक माझी. पुढचा आठवडा शून्याचा. म्हणजे बाटलीच्या वजनाची गोष्ट आठ दिवसांनी सांगावी लागणार. मी विचार केला, आठ दिवसांत असं काय होणार आहे? आमच्या पोस्टी वाचतं कोण? शिवाय बाटलीला वजन असतं हे कोणत्याही सुजाण माणसाला न सांगता कळायला हवं.

मी फोन ठेवला.

आता जे मला माहीत नव्हतं ते सांगते. पार्लरवालीने ती पहिली पोस्ट तिच्या गिऱ्हाइकांच्या गटात पाठवली होती. त्या गटात चारशे बायका आहेत, आणि त्यांच्यातल्या निम्म्या स्टीलच्या बाटल्या वापरतात.

सोमवारी सकाळी दहाला किराणावाले आपला काटा दोन्ही हातांत उचलून आमच्या पायऱ्या चढले. मागून भाजीवाली, तिच्या मागे मासेवाला, आणि त्याच्या मागे काय झालंय ते बघायला आलेले.

"मॅडम," किराणावाले म्हणाले, "मी सव्वीस वर्षं इथे बसतो. आज सकाळपासून आठ बायकांनी मला चोर म्हटलं."

"का?"

"बाटली ठेवतात! काटा दाखवतो एक किलो तीनशे तीस! म्हणतात, एका किलोमागे तीनशे ग्रॅम खाता, आणि वर हसून विचारता, पिशवी देऊ का!"

"माझ्याकडे तर पावणेदोन किलो भरली," भाजीवाली म्हणाली. "तिची बाटलीच एवढी जाड! मी म्हटलं, बाई, ही बाटली आहे की तोफगोळा?"

"पण बाटलीचं वजन वजा..." मी सुरुवात केली.

"ते लिहिलंय का कुठे?"

लिहिलं होतं. माझ्या फोनमध्ये, न पाठवलेल्या स्वरूपात.

लेकीचा फोन आला. तिच्यापर्यंत बातमी पोचली होती. "आई, टाक ना ती पोस्ट आत्ताच्या आत्ता!"

"हा शून्याचा आठवडा आहे."

"आई!!"

"पाच आठवड्यांची माहिती वाया जाईल."

"आई, लोक भांडतायत बाजारात, बाटल्या घेऊन!"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "तू ठरव," आणि किराणावाल्यांचा काटा हातात घेऊन त्याला कान लावून ऐकू लागला. वास्तविक त्या काट्यात ऐकण्यासारखं काही नसतं. तो अशा वेळी चेहरा लपवायला काट्याचा उपयोग करतो.

मी तोंडी समजावायचं ठरवलं. दिवसभरात तेवीस माणसांना मी बाटलीचं वजन समजावून सांगितलं. औषधवाले दारातूनच म्हणाले, "अर्धी मात्रा देणं हे न देण्यापेक्षा वाईट, मॅडम." बावीस वर्षांत माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याने मला असं बोलण्याची हिंमत केली नव्हती, आणि या गृहस्थांचा स्वतःचा माणसं तोलायचा काटा दारात पाच वर्षं वाकडा उभा आहे.

मंगळवारी नवीनच प्रकार. पार्लरवाली हळू पावलांनी खाली आली आणि आवाज जड करून म्हणाली, "ताई, सगळं ठीक ना?"

"का?"

"दिवसाला तीन पोस्टी टाकणारं दुकान एकदम गप्प झालं. गटात म्हणतायत, वरून कारवाई झाली. कोणी म्हणतं, दुकान विकलं. एक जण म्हणाली, तुमचे हे गेले."

"कुठे?"

तिने वर बघितलं. तेवढ्यात 'हे' आतून स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, आणि तिने किंचाळून जिन्याचा कठडा धरला. दुपारपर्यंत सहा जण विचारपूस करायला आले. नवऱ्याला जिवंत बघून त्यांच्यातल्या दोघांचा थोडा हिरमोड झाला, असं मला वाटलं. वहीत मी सहाही जणांची नोंद केली. प्रश्न होता, "आपण कशामुळे आलात?" आणि उत्तर नवऱ्याला स्वतःच्या हाताने लिहावं लागलं: मी गेलो म्हणून.

बुधवारी वजनमापे खात्याचे निरीक्षक आले. सडपातळ, अतिशय सभ्य. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग आमच्या परवान्याचा कागद मागितला, आणि तो आपल्या पिशवीत ठेवला.

"तक्रार आहे," ते म्हणाले. "परवानाधारक दुरुस्तीकाराने बाजारातले सर्व काटे खोटे असल्याचं जाहीर केलं. खुलासा लागेल. मूळ मजकुराच्या तीन प्रती, आणि हा तक्ता भरून."

तक्त्यात एक रकाना होता: प्रसिद्धीची वारंवारता, दैनिक, साप्ताहिक की मासिक, नको ते खोडा. मी तिन्ही खोडली आणि लिहिलं, 'चिठ्ठ्या टाकून.' निरीक्षकांनी ते दोनदा वाचलं.

"म्हणजे कसं?"

मी त्यांना वही दाखवली. रकाने, चिठ्ठ्या, शुद्धिपत्राचा नियम, दोन सह्या. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. "बाई," ते शेवटी म्हणाले, "आमच्या खात्यातसुद्धा इतकं लिहीत नाहीत." मला बरं वाटलं. पुढे ते म्हणाले, "ज्या माध्यमात चूक झाली, त्याच माध्यमात दुरुस्ती प्रसिद्ध करा. शुक्रवारपर्यंत. नाहीतर हा परवाना मला परत आणता येणार नाही."

परवाना नाही म्हणजे दुरुस्ती नाही. दुरुस्ती नाही म्हणजे तिमाही संपायची वाट बघायचीही गरज नाही. गादी घातलेली खुर्ची तयारच होती. ते गेल्यावर मी वही मिटली. तिच्यावर हात ठेवून बसले. आता सांगायला हरकत नाही, मला थोडं रडू आलं, आणि ते प्रयोगासाठी नव्हतं.

नवरा शेजारी येऊन बसला. "अगं," तो म्हणाला, "शून्याच्या आठवड्यात एक पोस्ट. चुकीची मर्यादा धर ना. शून्य, अधिक-उणे एक."

"अधिक एक ठीक आहे. उणे एक पोस्ट म्हणजे काय असतं?"

"टाकलेली काढून घ्यायची."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. दुरुस्तीची पोस्ट टाकायची, अधिक एक. चुकीची पोस्ट काढून टाकायची, उणे एक. बेरीज शून्य! पंचवीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला इतकं सुंदर काही म्हटल्याचं आठवत नाही.

मी खुलासा लिहायला घेतला. घनता, तापमान, बाटलीचा पदार्थ, एकूण तीनशे शब्द. नवऱ्याने ते वाचलं, "हं" म्हणाला आणि उठला. माझी रिकामी स्टीलची बाटली त्याने काट्यावर ठेवली, फोटो काढला आणि खाली लिहिलं: 'रिकामी बाटली, ३१२ ग्रॅम. आधी ही वजा करा. चूक आमची.' मग तो फोटो पानावर टाकला. त्याची पहिली पोस्ट. मी जुनी काढून टाकली.

इथे माझ्या ध्यानात एक गोष्ट यायला हवी होती, ती गुरुवारी सकाळी निरीक्षकांचा फोन आल्यावर आली. "मूळ मजकूर दिसत नाही, बाई. पुरावा नष्ट केलात?" तीन प्रती ज्याच्या द्यायच्या, तो मजकूरच मी उडवला होता. सुदैवाने किराणावाल्यांनी तो मोठ्या अक्षरांत छापून, खाली 'हे खोटं आहे' असं लिहून, आपल्या गल्ल्यामागे चिकटवला होता. मी त्यांच्याकडे जाऊन, चार गिऱ्हाइकांसमोर, स्वतःच्या पोस्टीच्या तीन प्रती मागितल्या. त्यांनी दिल्या. 'हे खोटं आहे'सकट.

परत येते तो दुकानापुढे गर्दी. नवऱ्याने टेबल बाहेर रस्त्याकडेला मांडलं होतं, त्यावर प्रमाणित वजनांची पेटी उघडी ठेवली होती, आणि तो, जो फोटोला घाबरून टेबलाखाली जातो, मोठ्यांदा म्हणत होता, "ज्याला ज्याला शंका आहे त्याने आपला काटा आणावा. सगळ्यांसमोर बघू."

लोक आले. काटे आले. बाटल्या तर आलेल्याच होत्या. एकेक काटा ठेवायचा, एक किलोचं वजन ठेवायचं, आकडा मोठ्यांदा वाचायचा. भाजीवालीचा काटा बरोबर निघाला, तेव्हा तिने मागे वळून तोफगोळेवालीला शोधलं. मासेवाल्याचा बरोबर. औषधवाल्यांचा उचलून आणावा लागला. तो चार किलो कमी दाखवत होता, आणि अनेक बायकांनी तो दुरुस्त करू नये अशी विनंती केली.

किराणावाल्यांची पाळी आली. त्यांनी काटा असा ठेवला, जणू त्यावर स्वतःच बसणार आहेत. नवऱ्याने किलोचं वजन ठेवलं.

"नऊशे ब्याऐंशी," तो म्हणाला.

बायकांमध्ये एकदम कुजबूज उठली. "बघा! अठरा ग्रॅमची चोरी!"

"उलट," नवरा म्हणाला. "वस्तू किलोची आहे आणि काटा कमी दाखवतोय. म्हणजे काट्यावर किलो दिसेपर्यंत हे आणखी घालणार. हे तुम्हाला दर किलोला अठरा ग्रॅम जास्त देतायत."

किराणावाले आमच्या पायरीवर बसले. "कधीपासून?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"शेवटचा कधी तपासला होता?"

किराणावाल्यांनी आकाशाकडे बघितलं. त्यांची बायको मात्र दुकानातून ओरडली, "धाकटीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी!" धाकटी आता नोकरीला आहे.

दोन दिवसांत एक्केचाळीस काटे तपासले. सात चुकलेले निघाले आणि त्यांतले पाच दुकानदारालाच बुडवत होते. लोक आपल्याला लुबाडतात की नाही, हे बघायला बाजार जमला होता. आपणच आपल्याला लुबाडतोय, हे कळल्यावर मात्र दुकानदारांना जी घाई झाली, ती कुठल्याही पोस्टीने झाली नसती. शुक्रवारी निरीक्षक आले, रांगेत उभे राहिले, मूळ मजकुराच्या तिन्ही प्रतींवर शिक्का मारला आणि परवाना टेबलावर ठेवला.

रविवारी मी आलेख पूर्ण केला. पाच ठिपके जमिनीलगत, आणि शून्याच्या जागचा सहावा कागदाच्या बाहेर जाऊ पाहणारा: चौऱ्याण्णव माणसं. निरीक्षक दोनदा आले म्हणून ते दोन धरले आहेत. काटेकोरपणे पाहिलं तर निष्कर्ष एकच निघत होता, की दुकानाने कधीही पोस्ट टाकू नये. हे मी लेकीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की मी फोन कानापासून लांब धरला. पार्लरवालीने मात्र ते मनावर घेऊन पोस्टी बंद केल्या. दोन दिवसांनी तिच्या सासूबाईंचा फोन आला, तब्येत बरी आहे ना म्हणून. ती पुन्हा अकरावर गेली.

आता आमच्या पानावर नवरा पोस्ट टाकतो. काही सांगण्यासारखं असलं की टाकतो, नसलं की नाही. कधी आठवड्याला दोन, कधी तीन आठवडे काहीच नाही. याला पद्धत म्हणत नाहीत, आणि यातून कुठलाही आलेख निघत नाही. मी काढून बघितलाय.

सोमवारी, म्हणजे तिमाही संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, भावोजी आले. हातात गोदामाच्या नेमणुकीचा टाइप केलेला कागद. दुकानात बारा माणसं रांगेत होती, पायऱ्यांवर काटे ठेवलेले, त्यामुळे त्यांना उभं राहायला जागा मिळाली ती नेमकी एका मालवाहतूकवाल्याने दुरुस्तीला टाकलेल्या मोठ्या सपाट काट्यावर. त्याचा लाल आकड्यांचा डबा मागच्या भिंतीला टांगला होता.

"हे चार दिवसांचं असतं, बाबा," भावोजी हात हलवत म्हणाले. मागे आकडा एकशे दोन, एकशे सहा, एकशे तीन असा उड्या मारत होता. "आज गर्दी, उद्या कोणी नाही. आयुष्याला स्थैर्य लागतं, स्थैर्य. वहिनी, तुम्ही तरी सांगा त्याला."

रांगेतली माणसं भिंतीकडे बघत होती.

"भावोजी," नवरा वर न बघता म्हणाला, "जरा स्थिर उभे राहा. आकडा बसत नाहीये."

भावोजींनी मागे वळून बघितलं. एकशे चार. "हे काय? छे! हा काटा बिघडलेला आहे."

"बिघडलेलाच आहे. म्हणून तर इथे आलाय."

भावोजींचा जीव भांड्यात पडला. ते रांगेकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना? बिघडलेला आहे."

"हो," नवरा म्हणाला. "कमी दाखवतो."

त्याने उठून त्यांच्या हातातला कागद घेतला, त्याची नीट घडी घातली, तो त्यांच्याच खिशात ठेवला, आणि दारातल्या पुढच्या माणसाला म्हणाला, "या, आत या."